जिन्याखालचीचा श्वास

पायरीकर म्हणजे कोण ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे मी नावं ठेवायला लागलो की ती कोणाला ठेवतोय ते कळेल. बावीस वर्षांपूर्वी टीव्हीवर 'जिन्याखालची' नावाची भुताची मालिका सुरू झाली. एका जुन्या बंगल्यात जिन्याखाली एक बाई राहते. ती दिसत नाही, फक्त तिचा श्वास ऐकू येतो, आणि ज्याला तो ऐकू आला त्याचं काही खरं नसतं. एवढीच गोष्ट, ती चारशे बारा वेळा सांगितली. मालिका संपली तेव्हा तिच्यात काम करणाऱ्या आम्हा सगळ्यांनी हुश्श केलं. काही लोकांनी मात्र ती अजून संपू दिलेली नाही, आणि हे लोक स्वतःला पायरीकर म्हणवतात.

यांना कामधंदे नाहीत असं नाही, उलट चांगले आहेत. त्यांचा अध्यक्ष दातांचा डॉक्टर आहे. समोरच्याच्या तोंडात हात घालून त्याला प्रश्न विचारायची सवय असल्यामुळे उत्तर ऐकायची त्याला गरज वाटत नाही. एक भूगोलाच्या बाई आहेत, त्यांनी बंगल्याचा नकाशा काढलाय. बंगला म्हणजे तीन भिंती आणि प्लायवूडचा सात पायऱ्यांचा जिना होता, पण बाईंनी एकोणीस पायऱ्या मोजल्यात आणि प्रत्येकीला अर्थ दिलाय. बँकेतली एक कॅशियर दरवर्षी राखाडी झगा घालून, केस पुढे सोडून, मालिकेत कधीच न दिसलेली जिन्याखालची होते आणि दिवसभर कोणाशी बोलत नाही. सोमवारी हीच बाई खिडकीपलीकडून लोकांच्या सह्या जुळत नाहीत म्हणून त्यांना परत पाठवते.

मी त्या मालिकेचे आवाज करायचो. पावलं, कड्या, बिजागऱ्या, पडदे, सगळे. हाड मोडायचं असेल तर मुळा मोडायचा, कोणी अंधारात रांगत येत असेल तर चामड्याची पिशवी वाळूवरून ओढायची. या कामात कधी कोणाला नाव मिळत नाही आणि मिळू नये अशीच माझी इच्छा होती. पण बारीकसारीक माहितीसाठी हपापलेल्या पायरीकरांनी मला शोधून काढलं. अठ्ठ्याऐंशीव्या भागात दिवा निळा का आहे, असं त्यांनी मला पत्राने विचारलं. पिवळा बल्ब गेला होता आणि दुकान बंद होतं, असं मी कळवलं. तर यांनी उत्तर दिलं, 'सर, तुम्ही गुपित राखताय, आम्ही समजू शकतो.' अशा लोकांपुढे कोण काय बोलणार. मी हात टेकले.

त्यांना सगळ्यात जास्त वेड श्वासाचं. कोणाच्या फोनवर तो वाजतो, कोणी पोरांना झोपवायला लावतं. तो कसा केला, असं मला शंभरदा तरी विचारलं असेल, आणि फुटबॉलचा ब्लॅडर ओल्या चामड्यात गुंडाळून हळूहळू दाबला, असं मी शंभरदा सांगितलं. त्यावरून यांनी स्पर्धा सुरू केली. दर वार्षिक मेळाव्यात पंधरा-वीस मोठी माणसं ओळीने बसून ब्लॅडर दाबतात आणि परीक्षक डोळे मिटून ऐकतात. त्या श्वासाच्या जवळपास अजून कोणी फिरकलेलं नाही.

फिरकणारही नाही, कारण तो माझ्या बाबांचा श्वास आहे.

ब्लॅडर मी खरंच दाबला होता. भातेही वापरले, एका घोड्याच्या नाकाशी माइक धरून दोन तास उभा राहिलो. दिग्दर्शकाने अकरा नमुने परत पाठवले आणि बाराव्याला दुसरा माणूस बघेन म्हणाला. त्या दिवसांत बाबा घरी शेवटचे दिवस मोजत होते. आयुष्यभर सिमेंटच्या गोदामात काम केल्याने त्यांची छाती आतून दगड झाली होती, आणि प्रत्येक श्वास जणू आधी कडी काढून, मग दार ढकलून बाहेर यायचा. मी त्यांच्या उशाशी बसलो होतो, आणि मुलगा म्हणून मला जे वाटायला हवं होतं ते न वाटता माझ्या मनात आलं, हाच तो आवाज. मी आतून माइक आणला आणि उशीच्या बाजूला ठेवला.

घरात ताई होती. माझ्याहून चार वर्षांनी मोठी. लायब्ररीतली नोकरी सोडून तीन वर्षं तिने बाबांचं सगळं केलं होतं. मी तिला सांगितलं, "बाबांना आत्ता कुठे डोळा लागलाय. मी दार लावून घेतो. भांडी वाजवू नकोस, नळ सोडू नकोस, कुकर नंतर लाव." ती बरं म्हणाली आणि स्वयंपाकघरात स्टुलावर बसून राहिली. चाळीस मिनिटं. मला पलीकडून एका चमच्याचाही आवाज आला नाही, रेकॉर्डिंग इतकं स्वच्छ झालं.

बाबांचा डोळा लागलेला नव्हता. विसाव्या मिनिटाला त्यांनी, दाराबाहेर जाणार नाही इतक्या क्षीण आवाजात, हाक मारली, "चिमे." ताईला चिमी म्हणणारं घरात तेवढं एकच माणूस. थोडं थांबून पुन्हा म्हणाले, मग तिसऱ्यांदा. रागाने नव्हे, लहान मुलीला जवळ बोलवावं तसे. मी काय केलं? मी ओठांवर बोट ठेवलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं, समजल्यासारखी मान हलवली आणि गप्प झाले. आयुष्यभर कोणाच्या कामात त्यांनी अडथळा आणला नव्हता. त्यानंतर ते बोललेच नाहीत, आणि दोन दिवसांनी गेले.

त्याच दिवशी सकाळी औषध सांडलं म्हणून ताई त्यांना बोलली होती. "किती त्रास द्याल बाबा आता," एवढंच. तीन वर्षांत तिच्या तोंडून निघालेलं एकच वाकडं वाक्य, आणि नेमकं ते शेवटच्या दिवसांत. पुढचे दोन दिवस बाबा बोलेनात, तेव्हा तिने धरून घेतलं की ते रागावले आणि रागातच गेले. वर्षातून दोन-तीनदा तरी, भाजी निवडताना, कपड्यांच्या घड्या घालताना ती सहज विचारल्यासारखं विचारते, "त्या दुपारी तू होतास ना त्यांच्याजवळ? माझं नाव नाही काढलं?" आणि मी म्हणतो, नाही गं, झोपले होते. आधी म्हणालो ते लाजेने. पाचव्या वर्षी खरं सांगावं म्हटलं, तर आधीची चार वर्षं कुठे ठेवायची ते कळेना. मग पुढे सरावच झाला.

तिला हे कळू नये, एवढ्याचसाठी मी पायरीकरांपासून चार हात लांब राहायचो. दुसरं काही कारण नव्हतं. त्यांचा वेडेपणा मी हसून सोडला असता.

त्यात भर म्हणजे ताई स्वतः ती मालिका बघायची. भावाचं काम म्हणून पहिल्या भागापासून शेवटच्यापर्यंत, आणि नंतर पुन्हा लागली तेव्हाही. ती एकदा मला म्हणाली, "सगळे घाबरतात, पण तो श्वास लागला की मला बरं वाटतं बघ. का ते कळत नाही." मी उठून बाथरूममध्ये गेलो आणि उगाचच तोंड धुतलं.

या वर्षी मी घरी नसताना दातवाला डॉक्टर येऊन गेला. परत आलो तर ताईने माझ्या वतीने आमंत्रण घेऊन ठेवलेलं. "इतकं प्रेमाने बोलतायत तर जायला काय होतं? मीही येईन," ती म्हणाली. ज्या बाईला बावीस वर्षांत मी कुठे नेलं नाही, ती पहिल्यांदा कुठेतरी यायचं म्हणत होती. तिने नवी चप्पलही आणली. मी म्हटलं, जाऊ, ब्लॅडरची गोष्ट एकशेएकाव्यांदा सांगू आणि चहा पिऊन घरी येऊ.

हॉल एका शाळेचा होता. दारात जमिनीवर पुठ्ठे मांडून जिना केलेला, एकोणीस पायऱ्यांचा. सहावीवर पाय ठेवायचा नाही, असा नियम. नुकतंच गुडघ्याचं ऑपरेशन झालेले एक गृहस्थ भिंतीला धरून सहावी ओलांडत होते आणि बायको मागून त्यांना ढकलत होती. मी सहावीवर दोन्ही पाय ठेवून उभा राहिलो. कोणी रागावलं नाही. "सरांना चालतं," असं कोणीतरी आदराने कुजबुजलं. या लोकांचा अपमान करणंही अवघड.

ताईला तिसऱ्या रांगेत मानाची खुर्ची दिली. मला स्टेजवर बसवलं आणि हातात कार्यक्रमाचा कागद ठेवला. नकाशाचं वाचन. ब्लॅडर स्पर्धा. आणि शेवटी ठळक अक्षरांत, 'एकतिसाव्या भागाचं रहस्य: श्वासातलं नाव'.

एकतिसावा भाग बाबांना जाऊन दीड महिना झाल्यावर केला होता. माझ्याकडे दोन टेप होत्या, एक जशीच्या तशी आणि एक कापून जोडलेली, जिच्यात फक्त श्वास होता. त्या दिवशी दुपारी बारापर्यंत काम द्यायचं होतं, डोकं ठिकाणावर नव्हतं, आणि मी पहिली टेप लावली. चूक लक्षात आली ती भाग दाखवून झाल्यावर. वर ढगांचा गडगडाट घातला होता, त्यात सगळं बुडालं अशी मी मनाची समजूत घातली. आवाज नीट ऐकणं हे माझं पोट, आणि लोक नीट ऐकत नाहीत या भरवशावर मी बावीस वर्षं काढली.

मी डॉक्टरला बाजूला घेतलं. "हे शेवटचं वगळा," म्हटलं.

त्याचे डोळे चमकले. "म्हणजे आहे तर काहीतरी."

"काही नाही. पण वगळा."

"सर, दोन वर्षं मेहनत केलीय. संध्याकाळी दवाखाना बंद करून रोज बसलोय. गडगडाट पार पुसून काढला. आता तुमच्यासमोरच लावणार. तुम्हाला ही भेट आहे आमची."

मी खाली उतरून ताईकडे गेलो. डोकं दुखतंय, घरी जाऊ या म्हटलं. तिने पर्समधून गोळी काढून दिली आणि माझ्या बाहीवर थोपटलं. "असं काय करतोस, ही माणसं तुझ्यासाठी जमलीत," ती म्हणाली. ती खूश होती. शेजारी कॅशियर बाई केस पुढे सोडून बसली होती आणि ताईने स्वतःच्या पाण्याच्या बाटलीतलं पाणी तिला दिलं होतं. मी गोळी गिळून परत वर आलो.

नकाशाचं वाचन पाऊण तास चाललं. मग स्पर्धा झाली, त्यात गेल्या वर्षीचाच विजेता, एक प्लंबर, पहिला आला. हे सगळं आणखी लांबावं अशी मी मनोमन विनवणी करत होतो. पहिल्यांदाच मला त्यांच्या मूर्खपणाचा आधार वाटत होता.

शेवटी डॉक्टरने लॅपटॉप उघडला. पडद्यावर आवाजाची निळी रेघ दिसायला लागली. तीनशे माणसं एकदम शांत झाली. "आधी श्वास," तो म्हणाला, "आणि मग ऐका."

गडगडाट खरंच गेला होता. बाबांचा श्वास हॉलभर पसरला, मी रेकॉर्ड केला होता त्याहूनही जवळचा, आणि त्यातून स्वच्छ, दमलेल्या पण लाडाच्या आवाजात ऐकू आलं, "चिमे." थोडं थांबून, "चिमे." आणि मग तिसऱ्यांदा.

लोकांच्या अंगावर काटा आला. भूगोलाच्या बाईंनी वही उघडली. डॉक्टर समजावून सांगायला लागला की जिन्याखालचीला एक मुलगी होती, तिचं नाव चिमी, आणि चारशे बारा भाग ती तिलाच शोधत होती. मग त्याने माइक माझ्या हातात दिला. "सर, एवढंच सांगा. चिमी कोण?"

मी ताईकडे पाहिलं नाही. "कोणी नाही," म्हटलं. "तांत्रिक चूक आहे. शेजारच्या खोलीतलं कोणीतरी बोललं असेल, ते टेपवर आलं."

लोक समजूतदारपणे हसले. तेवढ्यात तिसऱ्या रांगेतून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. ताई मधल्या वाटेने पुढे आली, नवी चप्पल पायाला लागत असल्यामुळे जरा लंगडत. माझ्याकडे न बघता ती डॉक्टरच्या टेबलाशी जाऊन उभी राहिली.

"परत लावता का?" ती म्हणाली.

त्याने लावलं.

"परत."

पाचव्यांदा लागलं तेव्हा ती पडद्याकडे बघत, आतल्या खोलीतून उत्तर द्यावं तशा रोजच्या आवाजात म्हणाली, "ओ, बाबा. आले हं."

हॉलमध्ये कडकडून टाळ्या पडल्या. इतका सुंदर अभिनय त्यांनी कधी पाहिला नव्हता. कॅशियर बाई केसांच्या आडून हुंदके देत होती आणि प्लंबर उभा राहून टाळ्या वाजवत होता. मला त्या सगळ्यांची किळस आली, आणि ती फार वेळ टिकली नाही. हे तीनशे उनाड लोक माझ्या बापाचं बोलणं दोन-दोन वर्षं कानात प्राण आणून ऐकत बसले होते, आणि मी त्याला गप्प केलं होतं. किळस कोणाची यायला हवी ते न कळण्याइतका काही मी बथ्थड नाही.

ताई स्टेजच्या कडेशी आली. ती खाली, मी वर. ती हळू बोलली, पण माइक माझ्या हातात होता आणि तो चालू होता. या धंद्यात सारी हयात घालवलेल्या माणसाला ते कळायला हवं होतं.

"मी कुठे होते रे तेव्हा?"

"स्वयंपाकघरात."

"दार?"

"लावलेलं होतं."

"कोणी?"

"मी."

"ते झोपलेत म्हणून सांगितलंस."

"हो."

"आणि मला हाक मारत होते, तेव्हा तू काय करत होतास?"

तीनशे माणसं जिवाचे कान करून बसली होती, आणि वह्यांमध्ये पेनं चालत होती ती मला ऐकू येत होती. दार, स्वयंपाकघर, लावलेलं. सगळं टिपून घेत होते.

"रेकॉर्डिंग," मी म्हटलं.

ताईने मान हलवली. मग डॉक्टरने, त्याच्याने राहवलं नसावं, अगदी नम्रपणे विचारलं, "सर, हा प्रसंग कितव्या भागातला? आमच्या यादीत नाही."

उत्तर ताईने दिलं. "हा दाखवला नाही कोणाला," ती म्हणाली. मग पर्समधून रुमाल काढून तिने चष्मा पुसला आणि त्याला विचारलं, "ते जे लावलंत ना, ते मला घरी ऐकायला मिळेल का? मला त्यातलं काही कळत नाही, तुम्हाला येऊन लावून द्यावं लागेल."

"हो, ताई," दातवाला म्हणाला. "कधी येऊ?"

"आत्ताच चला," ती म्हणाली. कॅशियर बाईने तिचा हात धरला, आणि ते तिघं माझ्यासमोरून मधल्या वाटेने निघून गेले. माइक अजून चालूच होता, आणि त्यातून साऱ्या हॉलला माझा श्वास ऐकू येत होता. समोरच्या रांगेत कोणीतरी तो ऐकून मान डोलावत होतं.